शेतकऱ्याच्या दोन पाऊलखुणा

रानात उमटलेल्या पाऊलखुणा ओळखण्याची विद्या शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. रात्री हरभऱ्यात रानडुकरे शिरली की हरणांचा कळप येऊन गेला, हे तो सकाळी ओल्या मातीकडे पाहूनच सांगतो. परंतु अलीकडच्या काळात प्रत्येक शेतकरी कुटुंब आपल्यामागे आणखी दोन प्रकारच्या खुणा ठेवीत चालले आहे, आणि त्या मात्र डोळ्यांस दिसत नाहीत. पहिली खूण हवेत उमटते. डिझेल, पेट्रोल, दगडी कोळशाची वीज व रासायनिक खते यांच्या वापरातून जे वायू वातावरणात जातात, त्यांचा एकत्र हिशेब म्हणजे ही खूण होय. दुसरी खूण मोबाईलमधून उमटते. आपले नाव, गट क्रमांक, पीक, बँक खाते, बोटांचे ठसे, फिरण्याच्या जागा व बोलण्याचे विषय यांची नोंद कोठे ना कोठे साठत जाते, ती ही खूण होय.

डोळ्यांस दिसत नाही ती वस्तू मोजता येत नाही, असे मात्र समजू नये. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या उभारणीस एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या साहाय्याने दूरच्या अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म कंप तेथे टिपावयाचे आहेत. त्या मानाने आपल्या घरचा धूर मोजणे ही अगदी सोपी गोष्ट आहे. त्यास एक वही, एक पेन्सिल व सातवीपर्यंतचे गणित पुरेसे होते. प्रस्तुत लेखात हा हिशेब कसा मांडावा व दोन्ही खुणा कमी करण्यासाठी शेतकरी बंधु-भगिनींनी कोणते उपाय योजावेत, याचा विचार केला आहे.

हिशेब कशासाठी करावयाचा?

येथे एक शंका साहजिकच उत्पन्न होते. जगातील हवा बिघडविली ती मोठमोठ्या कारखान्यांनी व श्रीमंत देशांनी; मग हिंगोली जिल्ह्यातील पाच एकरांच्या धन्याने आपला हिशेब का करावा? ही शंका अगदीच निराधार नाही. जगात माणशी वर्षाला सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेत सोडला जातो. अमेरिकेत हेच प्रमाण माणशी सुमारे १४ टन आहे, तर भारतात ते अवघे दोन टनांच्या आसपास आहे. यास्तव दोषाचा मोठा वाटा आपल्या माथी येत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

तथापि दोष कोणाचाही असो, त्याचे फळ शेतातच भोगावे लागते. समुद्र व हवा तापली की हवेत अधिक बाष्प राहते आणि मग पाऊस येतो तो थोड्या दिवसांत, पण धो धो येतो. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीने उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्याच्या बहुतेक भागांत पुन्हा तोच प्रसंग ओढवला. त्यापूर्वी २०१५-१६ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.

दुसरे कारण अधिक निकटचे आहे. शेतातून हवेत जाणारा जवळजवळ प्रत्येक वायू हा शेतकऱ्याने विकत घेतलेल्या किंवा कष्टाने मिळविलेल्या वस्तूचाच असतो. जळालेले डिझेल, उडून गेलेले नत्र, निष्कारण फिरलेली मोटार आणि पेटविलेले धसकट या सर्वांची किंमत त्याच्याच घरातून गेलेली असते. म्हणून धूर कमी करणे म्हणजे जगावर उपकार करणे नव्हे. ती आपल्याच घरातील गळती बंद करणे आहे.

एका घराचा जमाखर्च

उदाहरणादाखल पाच माणसांचे व पाच एकर जमिनीचे एक कुटुंब घेऊ. या कुटुंबाकडे विहिरीवर पाच अश्वशक्तीचा विजेचा पंप, एक मोटारसायकल व दोन मोबाईल आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा व थोडी हळद अशी पिके ते घेते. आकडे प्रत्येक घरी निराळे येतील. रीत मात्र हीच राहील.

प्रथम एकेका वस्तूचे माप ध्यानात घ्यावे. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलो कर्बवायू तयार होतो व एक लिटर पेट्रोलपासून सुमारे २.३ किलो. आपल्या देशातील वीज बहुतांशी कोळशापासून तयार होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू धरावा. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या टाकीमागे सुमारे ४२ किलो धरावा. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. त्यापैकी शेकडा एक भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने उडतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. खुद्द युरियातील कर्बही जमिनीत विरघळून हवेत जातो. दोन्ही मिळून एका गोणीमागे सुमारे १२० किलो कर्बवायूइतका भार पडतो. कारखान्यात युरिया तयार होताना लागणारे इंधन यात धरलेले नाही.

आता बेरीज करू. ट्रॅक्टरच्या कामाचे वर्षाचे १०० लिटर डिझेल म्हणजे २७० किलो. मोटारसायकलचे १२० लिटर पेट्रोल म्हणजे २७६ किलो. घरातील महिना ७० युनिट विजेचे वर्षाचे ५८८ किलो. पंप तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेतो. तो वर्षात ५०० तास चालला तर २,२५० युनिट, म्हणजे १,५७५ किलो. युरियाच्या १० गोण्यांचे १,२०० किलो. गॅसच्या आठ टाक्यांचे ३३६ किलो. दोन मोबाईल वर्षभर रोज एकदा पूर्ण चार्ज केले तर सुमारे १४ युनिट वीज लागते, तिचे १० किलो. एकूण बेरीज ४,२५५ किलो, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास येते.

या बेरजेत दोन गोष्टी नजरेत भरतात. पंप व युरिया या दोहोंचाच वाटा शेकडा ६५ आहे; म्हणजे गळतीची मुख्य ठिकाणे विहिरीवर व खताच्या गोणीत आहेत. उलट मोबाईलच्या चार्जिंगचा वाटा शेकडा पाव इतकाच आहे. म्हणून जेथे मोठी गळती आहे तेथे प्रथम हात घालावा, हा साधा नियम पाळणे श्रेयस्कर होय.

विहिरीवरील गळती

पंपाचे तास कमी करण्याचे पहिले साधन अगदी फुकट आहे. पुष्कळ ठिकाणी मोटारीस ऑटो-स्टार्टर जोडलेला असतो. रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, वाफा भरून वाहतो, पाणी बांधापलीकडे जाते आणि धनी सकाळी उठल्यावर पाहतो. अशा वेळी वीज, पाणी व वाहून गेलेले नत्र असे तिहेरी नुकसान होते. यास्तव ऑटो-स्टार्टर काढून टाकावा, अथवा ठरावीक वेळेनंतर मोटार बंद करणारे साधन बसवावे.

दुसरे साधन पंपाच्या निवडीचे. विहिरीची खोली व पाइपची लांबी न पाहता शेजाऱ्याने घेतला म्हणून मोठा पंप घेऊ नये. फूटव्हॉल्व्ह गळका असल्यास बदलावा, अनावश्यक बेंड काढून टाकावेत, पाइपचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद ठेवू नये आणि योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. मोटार जळण्याचे प्रकारही यामुळे कमी होतात.

तिसरे साधन ठिबक व तुषार सिंचनाचे होय. हळदीस गादीवाफ्यावर ठिबक व हरभऱ्यास तुषार दिल्यास मोकाट पाण्याच्या तुलनेत पाण्यात मोठी बचत होते. वरील कुटुंबाने पंपाचे तास ५०० वरून ३५० वर आणले, तरी ६७५ युनिट विजेची व सुमारे ४७० किलो कर्बवायूची बचत होईल.

सौर पंपाचा विचारही अवश्य करावा. राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या शेकडा दहा व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास शेकडा पाच इतकाच हिस्सा भरावा लागतो. दिवसा पाणी देता येणे हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. रात्रीच्या अंधारात साप-विंचवाच्या भीतीने पिकात उतरण्याचे संकट टळते. मात्र सूर्याची ऊर्जा फुकट असली तरी विहिरीचे पाणी फुकट नाही, हे विसरू नये. सिद्धेश्वर व इसापूर धरणांच्या लाभक्षेत्राबाहेर, विशेषतः सेनगाव व कळमनुरीच्या माळरानावर, भूजल हीच एकमेव ठेव आहे. सौर पंपाबरोबर ठिबक नसेल तर धूर कमी होईल, पण विहीर आटेल.

खताच्या गोणीतील गळती

सोयाबीन हे द्विदल पीक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र ओढून पिकास पुरवितात. असे असूनही उभ्या सोयाबीनवर युरिया फेकण्याची रूढी बऱ्याच गावांत आढळते. त्यामुळे पाला माजतो, किडीस आमंत्रण मिळते आणि शेंगा वाढतातच असे नाही. पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावेत. बुरशीनाशक व कीटकनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणूसंवर्धक सर्वांत शेवटी लावावे, आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

आपल्या काळ्या जमिनी विम्लतेकडे झुकणाऱ्या आहेत. अशा जमिनीत युरिया वर फेकून ठेवल्यास त्यातील नत्राचा बराच भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. म्हणून युरिया ओलीवर, मातीआड व विभागून द्यावा. दुसरी गळती पाणी साचण्याची. साचलेल्या पाण्याखाली जमिनीस हवा मिळत नाही. मग तेथील जिवाणू नत्राचे वायूत रूपांतर करतात. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केल्यास जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते व खंड पडल्यास वरंब्यातील ओल टिकते. म्हणजे एकाच पद्धतीने अतिवृष्टी, पावसाचा खंड व नत्राची गळती या तिन्हींवर इलाज होतो.

माती परीक्षण करून घेतल्याशिवाय गोण्यांची संख्या ठरवू नये. आपल्या जिल्ह्यात तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे व शेजारीच परभणी येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. या ठिकाणी, तसेच गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, याविषयी सल्ला मिळतो. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने दहापैकी तीन गोण्या वाचविल्या तर सुमारे ३६० किलोंचा भार कमी होईल, आणि उत्पन्नात तूट येण्याचे कारण राहणार नाही.

काडीकचरा ही जमिनीची ठेव

काढणी झाली की धसकटे, बांधावरील गवत व वसमत भागातील उसाचे पाचट पेटवून देण्याची सवय अद्याप सुटलेली नाही. पेटविल्याने शेत एका सांजेत मोकळे होते हे खरे. परंतु त्या आगीत नत्र व गंधक उडून जाते, वरच्या थरातील गांडुळे व जिवाणू होरपळतात आणि धुराची काजळी गावावर बसते. उसाच्या पाचटापासून हेक्टरी आठ ते दहा टन सेंद्रिय पदार्थ मिळतो. खोडव्यात ते सरीत दाबून प्रत्येक टनास आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट व एक किलो पाचट कुजविणारे जिवाणूसंवर्धक वापरावे. सोयाबीनचे भुसकट व हळदीचा पाला आच्छादनासाठी किंवा कंपोस्टसाठी ठेवावा. पऱ्हाटी व तुराट्या यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळाव्यात. मात्र बोंडअळी असलेली पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये.

जमिनीतील सेंद्रिय कर्ब म्हणजे जणू मातीचे रक्तच होय. तो शेकडा अर्ध्यापेक्षा कमी असल्यास जमीन कमी प्रतीची गणली जाते. एक एकराच्या वरच्या सहा इंचांच्या थरात सुमारे आठ लक्ष किलो माती असते. तीत सेंद्रिय कर्ब शेकडा ०.१ ने वाढला, म्हणजे ८०० किलो कर्ब मातीत साठला. तेवढ्या कर्बासाठी पिकांनी हवेतील जवळजवळ तीन टन कर्बवायू शोषून घेतलेला असतो. हे काम एका वर्षाचे नाही. शेणखत, हिरवळीचे खत, पिकांची फेरपालट व कमी नांगरट यांनी ते हळूहळू साधते. आणि साठविलेला कर्ब पुन्हा जाळपोळ व अतिमशागत सुरू केल्यास निघूनही जातो. तरीही ध्यानात घ्यावे की, धूर सोडण्याऐवजी धूर परत ओढून घेण्याचे सामर्थ्य असलेला धंदा शेतीखेरीज क्वचितच आढळेल.

हळदीची भट्टी व घरची चूल

वसमत परिसराची हळद आता जिल्ह्याची ओळख झाली आहे. ‘वसमत हळद’ या नावास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट दूरदूरच्या व्यापाऱ्यांस परिचित आहे. परंतु हळद शिजविण्यास जळणही फार लागते. उघड्या कढईत शिजविताना पुष्कळशी उष्णता वाया जाते. वाफेवर शिजविण्याचे बॉयलर वापरल्यास वेळ, पाणी व जळण तिन्ही कमी लागतात व हळकुंडे सारखी शिजतात. प्रत्येकाने बॉयलर घेण्याची गरज नाही. गटाने किंवा उत्पादक कंपनीने एक घेऊन तो भाड्याने फिरवावा. जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे निरनिराळी करून शिजवावीत. एकत्र शिजविल्यास जाड गड्डा कच्चा राहतो व बारीक हळकुंड जास्त शिजते. जळण वाळलेलेच घ्यावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता आतले पाणी आटविण्यातच खर्च होते व धूर मात्र दुप्पट होतो. जेवढे लाकूड तोडले तेवढे बांधावर पुन्हा लावले, तरच हा हिशेब मिटला असे म्हणता येईल.

घरी तीन जनावरे असतील तर लहान गोबर गॅस संयंत्र चालू शकते. सुमारे २५ किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो व तो ०.४३ किलो घरगुती गॅसइतके काम करतो. उघड्या उकिरड्यावर सडणाऱ्या शेणातून मिथेन वायू हवेत जातो. संयंत्रात तोच वायू चुलीखाली येतो, आणि स्लरीचे उत्तम खत मिळते. चुलीपुढे बसणाऱ्या माता-भगिनींचे डोळे व फुप्फुसे धुरापासून वाचतात, हा लाभ पैशांत मोजता येणार नाही.

मोबाईलची खूण

आता दुसऱ्या पाऊलखुणेकडे वळू. मोबाईलवर पाहिलेले चित्र वा लिहिलेला निरोप दूरच्या प्रचंड संगणकगृहांत साठविला जातो. अशा संगणकगृहांनी २०२४ साली जगातील विजेपैकी सुमारे शेकडा दीड इतकी वीज खर्च केली. म्हणून सकाळच्या शुभेच्छांची चित्रे शंभर जणांस पाठविणे हा सर्वस्वी फुकटचा व्यवहार नाही. पण येथेही प्रमाणाचे भान ठेवावे. तासभर व्हिडिओ पाहण्यात सुमारे ३६ ग्रॅम कर्बवायूचा भार पडतो, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२० सालचा अंदाज आहे. म्हणजे एक लिटर डिझेलइतका भार होण्यास सुमारे ७५ तास व्हिडिओ पाहावा लागेल. मोबाईलचा खरा भार तो तयार होतानाच पडतो. यास्तव फोन दर वर्षी न बदलता चार-पाच वर्षे वापरावा, बॅटरी गेल्यास बॅटरी बदलावी आणि निकामी फोन उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

उलट, शहाणपणाने वापरलेला मोबाईल धूर वाचवितो. सातबारा महाभूलेखवर पाहता येतो, पिकांची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतातूनच करता येते, हवामानाचा अंदाज पाहून फवारणीची एक फेरी टाळता येते, आणि बाजारभाव विचारून मगच गाडी भरता येते. तालुक्याची चाळीस किलोमीटरची एक फेरी वाचली तरी मोटारसायकलचे पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल वाचते.

मग या खुणेचा धोका कोठे आहे? तो आहे माहितीच्या गळतीत. कर्बाची खूण हळूहळू नुकसान करते. माहितीची खूण चोराच्या हाती लागली तर वर्षाची कमाई एका घटकेत जाते. हळदीचे पैसे खात्यावर जमा होण्याचे दिवस, पीक विम्याचे व अनुदानाचे दिवस चोरही ओळखून असतात. अशा दिवसांत ‘पी.एम. किसानची यादी’, ‘विम्याची रक्कम मंजूर’ अशा नावाची फाईल व्हॉट्सॲपवर येते. तिच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती उघडून बसविली की फोनमध्ये येणारे गुप्त क्रमांक चोरास दिसू लागतात व खाते रिकामे होते.

माहितीची राखण

शेताला जसे कुंपण, तसे माहितीला कुंपण घालावयास हवे. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

१. शासनाची कोणतीही योजना व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून राबविली जात नाही. अशी फाईल नातेवाइकांच्या फोनवरून आली तरी उघडू नये. त्यांचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ॲप घ्यावयाचे ते फोनमधील अधिकृत दालनातूनच घ्यावे.

२. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ती बँकेचा, कृषी खात्याचा किंवा पोलिसांचा माणूस म्हणवून घेणाऱ्यास फोनवर सांगू नये.

३. आधारची पूर्ण प्रत जेथे तेथे देऊ नये. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे ‘मास्क्ड’ आधार मिळते. जेथे चालत असेल तेथे तेच द्यावे. बोटांच्या ठशांचे कुलूप आधारच्या अधिकृत ॲपमधून लावता येते. ठसा द्यावयाचा असेल तेव्हाच ते उघडावे.

४. अर्ज भरून घेण्यासाठी सेवा केंद्रात गेल्यास काम संपल्यावर तेथील संगणकावरील आपली कागदपत्रे पुसून टाकावयास सांगावी. शेतकरी ओळख क्रमांकास जोडलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे याची खात्री करावी. दुसऱ्याचा क्रमांक जोडलेला असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.

५. सातबारा, पासबुक व आधार यांची छायाचित्रे गावच्या सार्वजनिक गटावर टाकू नयेत. एकदा टाकलेली खूण पुसणे फार कठीण असते.

६. ॲप बसविताना ते कशाकशाची परवानगी मागते हे वाचावे. विजेरीच्या ॲपला आपल्या संपर्कांची यादी कशास हवी? न लागणारी ॲपे काढून टाकावीत. जुना फोन विकण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती पुसावी.

७. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे व बँकेस खाते थांबविण्यास सांगावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम अडवून धरता येण्याचा संभव अधिक असतो.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. आपली माहिती कशासाठी घेतली हे विचारण्याचा व दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार त्यात मान्य केलेला आहे.

कर्बाचे करार करताना

या दोन पाऊलखुणा जेथे एकमेकींस मिळतात, असे एक नवे क्षेत्र आता शेतकऱ्यापुढे येत आहे. झाडे लावली, जमिनीत कर्ब साठविला, तर त्याबद्दल ‘कार्बन क्रेडिट’ मिळवून देतो, असे सांगणारे मध्यस्थ गावोगाव येऊ लागले आहेत. एक क्रेडिट म्हणजे एक टन कर्बवायूइतकी बचत होय. हा व्यवहार मुळात खोटा नाही. परंतु त्यासाठी गट क्रमांक, शेताच्या सीमा, बँक खाते व सही अशी सर्व माहिती द्यावी लागते, आणि करार पुष्कळदा अनेक वर्षांचा असतो. यास्तव सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. करार किती वर्षांचा? क्रेडिटच्या किमतीत माझा वाटा किती व तो केव्हा मिळणार? मोजणी कोण व कशी करणार? मध्येच जमीन विकली वा पीकपद्धत बदलली तर दंड आहे काय? माझी माहिती आणखी कोणास दिली जाणार? उत्तरे कागदावर मराठीत मिळाल्याखेरीज आणि जाणत्या माणसास दाखविल्याखेरीज सही वा अंगठा देऊ नये. आधी पैसे भरा असे म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

वर्षाचा कार्यक्रम

सर्व सुधारणा एकाच वर्षी करण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात माती परीक्षण करावे, पंपाचा फूटव्हॉल्व्ह व पाइप तपासावेत आणि धसकटे न जाळता कंपोस्टचा खड्डा भरावा. पेरणीच्या वेळी बीजप्रक्रिया व रुंद वरंबा-सरीचा अवलंब करावा. दिवाळीनंतर हरभऱ्यास तुषार संच लावावा. हळद काढणीपूर्वी गटाने बॉयलरची व्यवस्था करावी, आणि पैसे खात्यावर येण्याच्या सुमारास घरातील सर्वांचे मोबाईल एकदा तपासून घ्यावेत. यासाठी वहीची दोन पाने राखून ठेवावीत. एका पानावर दरमहा विजेचे युनिट, डिझेल, पेट्रोल व गोण्या लिहाव्यात. दुसऱ्या पानावर आपली माहिती कोणास, कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली ते लिहावे. हे काम घरातील शाळकरी मुला-मुलींकडे सोपविल्यास ती ते आवडीने करतील. वर्षअखेर दोन वर्षांची पाने शेजारी ठेवून पाहावीत.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने पंपाचे १५० तास व युरियाच्या तीन गोण्या एवढेच वाचविले, तरी सव्वाचार टनांतून ८०० किलोंहून अधिक भार कमी होतो. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा उतरतो. त्यासाठी कोणतेही पीक सोडावे लागत नाही व कोणतीही सोय गमवावी लागत नाही. अशी शंभर घरे एका गावात निघाली तर वर्षाकाठी ८० टनांहून अधिक कर्बवायू हवेत जाण्याचे थांबेल, विहिरींत पाणी अधिक दिवस राहील आणि खताच्या दुकानातील उधारी कमी होईल. तेव्हा शेतकरी बंधु-भगिनींनी येत्या हंगामापासूनच ही वही उघडावी व आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने कामास लागावे.